कोकमाचा गुत्ता

नातवाने परळच्या नव्या फ्लॅटमध्ये बार करून घेतला, तेव्हा मला मुद्दाम बघायला नेलं. काळा दगड, मागे आरसा, उलटे टांगलेले पेले आणि बसायला उंचच उंच स्टुलं. मला त्यावर चढवायला दोघं लागले. पाय लोंबकळत ठेवून मी म्हटलं, "बाबा रे, पाय टेकत नाहीत तिथे माणूस गप्पा काय मारणार?" तो हसला. आजीला बारमधलं काय कळतंय, असं म्हणाला नाही, पण तोंडावर होतं. मग मीही सांगून टाकलं, की आपल्या घरातला पहिला बार तुझा नाही. तो तुझ्या पणजीने घातला. लालबागला, चाळीच्या गॅलरीत, दारूबंदीच्या दिवसांत. आणि मी तिच्या हाताखाली होते.

मी गिरगावातली. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापत चालली होती. भिंतीवर चुना लावायचा अवकाश, सकाळी त्यावर घोषणा रंगवलेली असायची. आमची खोली गॅलरीच्या टोकाची. घरात सासूबाई, मामंजी, आमचे हे आणि मी. सासूबाई पक्क्या मालवणी. माझं बोलणं ऐकून पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "सून आणलीहा की मास्तरीण?" तिथून आमचं जे जमलं ते शेवटपर्यंत.

मामंजी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या साच्यांवर. दिवसभर त्या खडखडाटात राहून घरी मात्र तोंडातून शब्द निघायचा नाही. त्यांची जीभ सुटायची ती संध्याकाळी, मागच्या वाडीतल्या गुत्त्यावर. दारूबंदी होती, म्हणजे दारू होती, दुकानाची पाटी तेवढी नव्हती. तो गुत्ता एक विधवा बाई चालवायची. सगळे तिला मावशी म्हणायचे.

पुढे मामंजींचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "आता पुन्हा ओठाला लागली तर यांना माझ्याकडे आणू नका. उपयोग व्हायचा नाही." मामंजींनी सोडली. खरोखर सोडली, त्यांना त्याचं श्रेय आहे. पण संध्याकाळ व्हायची ना रोज. दिवेलागणीच्या सुमारास ते कठड्याशी उभे राहायचे, आत यायचे, पुन्हा बाहेर जायचे. आमटीत मीठ कमी म्हणून ओरडायचे, आणि आमटी अजून चुलीवर असायची. त्या तासाभरात आम्हा दोघींचे प्राण कंठाशी यायचे. आज गेले तर गेले, एवढंच डोक्यात.

एक दिवस तांदूळ निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "दारू सुटली गो, पण बैठक सुटना नाय. आपण हयच बैठक घालूया." बार हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण मनात होता तो तोच. माणसांनी घरी यावं, बसावं, काहीतरी प्यावं, आणि मामंजींनी जिना उतरू नये.

बैठकीला कोण, तर मामंजींचे गुत्त्यावरचे तीन सोबती. एक त्यांच्याच खात्यातले जॉबर, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे, सगळं वर्तमानपत्र तोंडपाठ असलेले. दुसरे भजनात पेटी वाजवायचे, त्यांना आम्ही पेटीवालेच म्हणायचो. तिसरे वरळीच्या बीडीडी चाळीतले, बाबासाहेबांना मानणारे, वयाने लहान, म्हणून मी त्यांना भावोजी म्हणायचे. ते गिरणीत सूत काढायच्या खात्यात होते, कारण साचेखात्यात त्यांच्या लोकांना शिरकावच नव्हता. गिरणीत खाती वेगळी, पाण्याचे माठसुद्धा वेगळे. त्यांची आणि मामंजींची दोस्ती झाली ती मावशीच्या बाकावर.

तर पहिली बैठक. आम्ही दोघींनी नुसता धुमाकूळ घातला. माझ्या रुखवतातला क्रोशाचा रुमाल टेबलावर, नक्षीचे काचेचे ग्लास, उदबत्ती, चिवडा, बेसनाचे लाडू आणि साखर घालून केलेलं कोकम सरबत. चौघं येऊन बसले ते मुलगी बघायला आल्यासारखे.  पेटीवाले उदबत्तीकडे बघत राहिले. आणि सासूबाईंनी तिघांना नक्षीचे ग्लास दिले, आणि वरळीच्या भावोजींना दाराबाहेरच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप दिला. त्या काळी पुष्कळ घरांत असा एक कप बाहेर ठेवलेला असायचा. माझ्या माहेरीही होता, म्हणून मला त्यात वावगं दिसलं नाही.

भावोजींनी कप घेतला, सरबत प्यायले, कप स्वतःच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवला. मामंजी ते बघत होते. त्यांनी आपला भरलेला ग्लास खाली ठेवला, खुंटीवरची टोपी घेतली, भावोजींना "चल रे" म्हणाले आणि दोघं जिना उतरून गेले. उरलेल्या दोघांनी मान खाली घालून लाडू संपवले आणि तेही गेले.

सासूबाई उंबऱ्यात बसल्या. मी चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. काय करणार? आमचे हे परळच्या रेल्वे वर्कशॉपात, यायला अवकाश होता. पण मामंजी लवकर आले. सासूबाई उठल्या आणि सरळ त्यांच्या तोंडाशी नाक नेऊन त्यांनी हुंगलं. लाजबिज काही नाही. वास नव्हता.

"दिल्यान नाय," मामंजी म्हणाले. मावशीने दिली नाही. तिने यांना बाकावर बसू दिलं, दोस्तालाही बसू दिलं, पुढ्यात चणे ठेवले आणि दारू द्यायला साफ नकार दिला. तुझे डोळे पिवळे झालेले मी बघितलेत, म्हणाली.

मग ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "थय तेका वेगळो पेलो नाय."

 दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी लुगडं बदललं, पिशवीत नारळ घातला आणि मला म्हणाल्या, चल. मला वाटलं देवळात. आम्ही पोचलो मागच्या वाडीत. ज्या बाईला इतकी वर्षं पाणी पिऊन पिऊन शिव्या दिल्या, तिच्याच दारात आमचा नारळ. मावशी चणे निवडत होती. घाटावरची बाई, कपाळ मोकळं, आवाज पुरुषी. आम्हाला बघून तिला वाटलं भांडायला आल्या. उठून उभीच राहिली.

सासूबाईंनी नारळ तिच्या पुढ्यात ठेवला. "काल दिलंस नाय, म्हणून इलंय," म्हणाल्या. मग इकडे तिकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "तुझ्याकडे असा काय आसा, जा आमच्याकडे नाय?"

 मावशी हसली, आम्हाला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "हे बगा, बसून बगा. पाय टेकत्यात का न्हाई?" टेकत होते. बाक ठेंगणा होता आणि भिंतीला लावलेला, त्यामुळे सगळे शेजारी शेजारी बसायचे, समोरासमोर कोणी नाही. "समोर बसला की तोंडाकडं बगतो, मग भांडान हुतं," मावशी म्हणाली. दिवा डोक्यावर नव्हता, कोपऱ्यात होता. दिवसभर मुकादमाने तोंड बघितलेलं असतं, संध्याकाळी कशाला उजेड तोंडावर?

मी काय काय मांडलं होतं ते तिने विचारून घेतलं. लाडू ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. गोड खाल्लं की माणूस उठतो, म्हणाली. चणे द्या, शेंगदाणे द्या, सुकी मासळी भाजून द्या, पण मूठ मूठ द्या. पोट भरलं की बैठक मोडली. आणि सरबतात साखर घालू नका. घशाला लागलं पाहिजे काहीतरी, त्याशिवाय बोलणं सुटत नाही.

"आन वाढायचं तुमी न्हाई," ती सासूबाईंना म्हणाली. "बायकू वाढाया लागली की ते जेवान हुतं. त्येलाच वाढू द्या. रिकाम्या हातानं बसला तर त्यो हात काय मागंल, तुमास्नी ठावं हाय."

निघताना सासूबाईंची नजर मोरीत गेली. एका घमेल्यात पेले धुवायला पडले होते, जाड काचेचे, सगळे एकसारखे. कोणाचा कुठला, ते ओळखायची सोय नव्हती. मावशीनेही ती नजर बघितली. 

या बाईचं मला आजही नवल वाटतं. गिऱ्हाईक तिचं, पोट तिचं त्यावर, आणि आपलाच धंदा घरी कसा मांडायचा ते तिने आम्हाला शिकवलं. लोक तिला काय काय म्हणायचे. मी मात्र देवापुढे दिवा लावताना तिचं नाव घेत आले, आणि त्यात मला कधी संकोच वाटला नाही.

परत येताना सासूबाईंनी लालबागच्या बाजारातून जाड काचेचे पेले घेतले, सगळे एकसारखे. वाटेत स्वतःशीच म्हणाल्या, ही काही घरची भांडी नव्हेत, बैठकीची आहेत. मी मनात हसले. म्हातारीने पळवाट काढली होती. पण कोनाड्यातला कप दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता. कुठे गेला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आमच्या ह्यांना सुतारकीचं अंग होतं. कॉटन ग्रीनच्या गोदामांतून मोडक्या खोक्यांच्या फळ्या आणून त्यांनी गॅलरीच्या टोकाला बाक केला, ठेंगणा, भिंतीला लावून. पुढे एक अरुंद फळी, जेमतेम पेला आणि बशी राहील एवढी. बाजूला झाकणाचं खोकं, त्यात पेले, मिठाची बरणी, आल्याचा तुकडा, गावाहून आलेल्या आगळाची बाटली. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, गडद लाल. पेल्यात बोटभर आगळ, ठेचलेली मिरची, आल्याचा रस, आणि वरून गोटी सोडा. पहिला घोट मीच घेऊन बघितला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या, आता जमलं.

मामंजींना आम्ही काही समजावून सांगितलं नाही. सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट त्यांच्या पायाशी ठेवला आणि आत निघून आलो. आपला हात जगन्नाथ. सुरुवातीला गोटी दाबताना त्यांचा अंगठा घसरायचा, सोडा धोतरावर उडायचा. आम्ही दाराआडून बघायचो, पण मदतीला जायचो नाही. मावशीची सक्त ताकीद होती.

जॉबर आणि पेटीवाले लगेच येऊ लागले. वरळीचे भावोजी येईनात. मामंजींच्या तोंडून बोलावणं जाईना, लाजेने. शेवटी सासूबाई स्वतः गिरणीच्या दारात जाऊन पाळी सुटायच्या वेळी उभ्या राहिल्या, त्या सगळ्या गर्दीत पदर घट्ट धरून. भावोजी दिसल्यावर एवढंच म्हणाल्या, "शनवारी येवा." ते म्हणाले, बघू. त्या शनिवारी आले नाहीत. पुढच्याही नाही. त्यांच्या जागी मीही आले नसते.

मग एकदा आले. बरोबर कागदाची पुडी होती. त्यांच्या मंडळींनी भाजून दिलेले सुके बोंबील. पुडी त्यांनी फळीवर उघडून ठेवली आणि सासूबाईंकडे बघत उभे राहिले. त्यांना काय बघायचं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पेटीवाल्यांनी चुळबूळ केली. सासूबाई दारातून पुढे आल्या, एक बोंबील उचलला, उभ्या उभ्या सगळ्यांदेखत चावून खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ वायच जास्त झाला." भावोजी मोठ्याने हसले. "सांगतो घरी," म्हणाले आणि बसले. मामंजींनी चारही पेले भरले आणि त्यांच्याकडे सरकवले, जो ज्याच्या हाताला लागेल तो.

तेव्हापासून ते तिघं मामंजींना मालक म्हणू लागले. चाळीतल्या बायका आम्हाला चिडवायच्या, काय गो, कोकमाचा गुत्ता घातलात म्हणे. घातला, तुझ्या नवऱ्यालाही पाठव, मी म्हणायचे. काहींनी पाठवलेही. जॉबर मोठ्याने बातम्या वाचायचे, सभेत कोण काय बोललं त्यावर वाद व्हायचे, मुंबई कुणाच्या बापाची यावर तर रोजच. आणि माझे मुके मामंजी बोलायचे. घरात बसून मी त्यांचा आवाज ऐकायचे आणि भाकऱ्या थापायचे. इतकं सुख मला दागिन्यांनी दिलं नाही.

मग गोळीबाराचे दिवस आले. रस्त्यांत दगड, अश्रुधूर, आणि संचारबंदी. त्यात मामंजींच्या शेजारच्या साच्यावरचा एक तरुण विणकर गेला. गावाहून नुकता आलेला, यांनीच त्याला काम शिकवलं होतं. बातमी घेऊन वरळीचे भावोजी आले आणि संचारबंदी लागल्यामुळे आमच्याकडेच अडकले. गॅलरीत उभं राहायची चोरी होती, म्हणून आम्ही बाक आत घेतला, मोरीजवळ. सोडेवाला येत नव्हता. मामंजी दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळ झाली तसे उठले आणि त्यांनी टोपी घेतली.

सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "भायर गोळी घालतत," म्हणाल्या. मामंजी म्हणाले, घालू देत. त्यांना गोळीची पर्वा नव्हती, कुठल्या तरी गुत्त्याकडे जायची घाई होती, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सासूबाईंनी हात जोडले. मी माझ्या आयुष्यात त्यांना नवऱ्यापुढे हात जोडताना तेवढंच एकदा बघितलं.

भावोजी बाकावर बसले होते. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त रिकामा पेला फळीवर आपटला. "मालक," ते म्हणाले, "गिऱ्हाईक बसलंय."

 मामंजींनी टोपी खाली ठेवली, खोकं उघडलं आणि सोडा नाही तर माठातलं पाणी घालून आगळ कालवलं. भावोजींना दिलं, मग आम्हालाही. सासूबाई बाकाच्या टोकाला बसून प्यायल्या, पहिल्यांदाच. मामंजी रडत होते आणि त्या पोराबद्दल बोलत होते, बोलतच राहिले. भावोजींचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे मी त्यांना कधी सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, वहिनी, मला तहान लागली होती.

आणि मग तोही दिवस आला. महाराष्ट्र झाला, मुंबईसह. सगळं लालबाग कंदिलांनी उजळलं होतं, लेझमी, गुलाल, पेढे. दिवस मावळताना आमची गॅलरी माणसांनी गच्च भरली. त्यात आमचे नणंदोई आले. ते गोदीत कामाला, हौशी माणूस, मनाने वाईट नाही. त्यांनी कोटाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली आणि फळीवर ठेवली. अस्सल विलायती. अशी बाटली त्या गॅलरीत कोणी कधी बघितली नव्हती.

"आज तरी," नणंदोई म्हणाले. "आजच्या दिवशी कोकम पितात होय, मामा? एक घोटाने काय होतंय?"

 जॉबरांनी वर्तमानपत्र वर धरलं. भावोजी मामंजींकडे बघत होते, पण या वेळी तेही काही बोलले नाहीत. त्या बाटलीवर कंदिलाचा उजेड पडला होता आणि मामंजी तिच्याकडे बघत होते, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे. त्यांनी हात पुढे केला.  सासूबाई दाराआड माझा दंड धरून होत्या. त्यांची नखं मला रुतली.

मामंजींनी बाटली उचलली, तो कागद तिच्याभोवती नीट गुंडाळला, दोन्ही बाजूंनी दुमडला आणि ती जावयाच्या हातात परत दिली.

"हय भायरची चलना नाय," म्हणाले. "बसा, पावणे. गुत्तो माझो आसा." आणि त्यांनी गोटी दाबली. सोडा फसफसून वर आला. सगळे इतके हसले की खालच्या लेझीमवाल्यांनी वर बघितलं. नणंदोईसुद्धा हसले आणि बाकावर सरकून बसले.

मी डोळे पुसत आत वळले. मला नाचावंसं वाटत होतं. सासूबाई चुलीशी जाऊन बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "सासूबाई, जिंकलो आपण."

"जिंकलव कसला गो," त्या म्हणाल्या. "उद्या पण सांज होतलीच."

आणि डबा उघडून त्यांनी उद्याचे चणे भिजत घातले.